गडग्याबाहेर गेलेली बंदूक

आमच्या बागेला माकडांचा त्रास आहे. ज्यांच्या बागा आहेत त्यांना याहून जास्त सांगायला नको, आणि ज्यांच्या नाहीत त्यांना सांगून कळत नाही. माकड भुकेपुरता आंबा खाऊन जात नाही. एक चावा घेतं, फेकतं, दुसरा तोडतं. नारळाची बोंडं पाडतं, कौलं फोडतं ते वेगळंच. माझ्या सासूच्या वेळेपासून आम्ही डबे वाजवत आलो. मग फटाके लावले. मग कोणीतरी सांगितलं म्हणून कापडी वाघ आणून कलमाला बांधला. काही दिवसांनी त्या वाघाच्या पाठीवर बसून माकडं आंबे खात होती.

माझा धाकटा मुलगा बोटीवर नोकरीला आहे. अर्धं वर्ष समुद्रावर, उरलेलं घरी. येताना बॅगा भरून वस्तू आणायचा. अशाच एका खेपेला त्याने दोन बंदुका आणल्या. खेळण्यातल्याच, पण खेळण्यातल्या वाटत नव्हत्या. एक लांब, एक हातात मावणारी. दोन्ही काळ्या, जड, लष्करातल्या माणसाकडे असतात तशा. खटका मागे ओढायचा, चाप दाबायचा, की आतून वाटाण्याएवढी प्लास्टिकची गोळी सुटते. माणूस मरत नाही, माकडही मरत नाही. चांगला चटका मात्र बसतो.

"ह्याला एअरसॉफ्ट म्हणतात," तो म्हणाला. "तिकडे लोक खेळतात ह्याने. एकमेकांवर मारतात."

"शहाणी माणसं?"

"हो गो. पैसे देऊन."

"आणि आणलीस कशी? कोणी विचारलं नाय?"

"कपड्यांत गुंडाळली. बोटीवरच्या माणसाला कोण विचारतो?" तो हसला. मग म्हणाला, "फक्त गडग्याबाहेर न्यायची नाय. बघणाऱ्याला खरीच वाटेल."

गडगा म्हणजे बागेभोवतीची चिऱ्यांची बुटकी भिंत. लहान बंदूक त्याने स्वतःच्या कपाटात ठेवली. लांब बंदूक बागेला दिली, म्हणजे गुरख्याला दिली.

आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे राखणीला नेपाळी येतात. मोहोराच्या सुमारास यायचं, कलमांखालच्या खोपीत राहायचं, आंबा उतरला की परत जायचं. आमच्याकडे जो यायचा तो बरीच वर्षं येत होता, बायकोला घेऊन. आम्ही त्याला बहादूर म्हणायचो. त्याच्या आधी जो होता त्यालाही बहादूरच म्हणायचो. शेजारच्या बागेतलाही बहादूर. ज्याच्या मालकाची हाक असेल तोच ओ द्यायचा, म्हणून कधी अडलं नाही. पोलीस ठाण्यात गुरख्यांची नोंद द्यावी लागते, ती त्यांचा मुकादम सगळ्यांची मिळून परस्पर करायचा.

तो मला आईजी म्हणायचा. कामाला चोख होता, तंबाखू जास्त खायचा. एका वर्षी कलमावरून पडला आणि डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं. डॉक्टरकडे जा म्हटलं तर ऐकेना. शेवटी मीच हळद लावून बांबूच्या कामटीने बोट बांधलं. ते वाकडं बसलं. पुढे तो कोणालाही ते बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "आईजी का इलाज." लोक हसायचे. मी म्हणायचे, फुकटच्या औषधाला नावं ठेवू नये.

बंदूक त्याच्या हाताला बरोबर बसली. पहिल्या काही दिवसांत त्याने टोळीतल्या हुप्प्याच्या कुल्ल्यावर एक-दोनदा नेमकी गोळी बसवली. त्यानंतर तो बंदूक खांद्यावर टाकून नुसता कलमांखालून फिरला तरी माकडं गडग्यापलीकडे बसून राहायची. त्या हंगामाला आमचा आंबा वाचला. खोटं बोलण्यात अर्थ नाही, त्या बंदुकीने वाचला.

हंगाम संपला. शेवटचा आंबा कॅनिंगला गेला आणि गुरख्यांची जायची वेळ झाली. मुलगा तेव्हा पुढच्या बोटीच्या तपासण्यांसाठी मुंबईला गेला होता. जाणाऱ्या माणसाला आम्ही रिकामं पाठवत नाही. आंब्याची साठं, आमसुलं, एखादं लुगडं असं बांधून देतो. मी ते बांधत होते आणि तो पडवीच्या पायरीवर बसून तेलाच्या फडक्याने बंदूक पुसत होता. पुसून झाल्यावर त्याने ती दोन्ही हातांवर आडवी धरून मला दिली.

"लो आईजी, आपकी बंदूक."

"तुमच्या गावात माकडं आहेत काय?"

"बहुत. मकई खा जाते हैं. माँ पूरा दिन टीन बजाती है." त्याने हवेत डबा बडवून दाखवला.

मी विचार करायला थांबले नाही. "घेऊन जा," म्हटलं. "इथे पावसात गंजून जाईल. येताना परत आण."

त्याने दोनदा विचारलं, खरंच नेऊ का. मी म्हटलं, एकदा सांगितलं ना. मग त्याच्या बायकोने माझ्या जुन्या लुगड्यात ती गुंडाळली, वर साठांची चळत ठेवली आणि वळकटी बांधली.

नेपाळ वेगळा देश आहे हे मला माहीत होतं. मी चौथीपर्यंत शिकले, नकाशा पाहिलेला आहे. पण माझ्या मुलाला बाहेर जायचं तर किती पुस्तकं, किती शिक्के, किती तपासण्या लागतात ते मी वर्षानुवर्षं पाहत होते, आणि हे नवराबायको वळकटी घेऊन यायचे आणि वळकटी घेऊन जायचे. देवरूखचा माणूस कामाला रत्नागिरीला येतो आणि परत जातो तसे. सीमा म्हटलं की माझ्या डोक्यात विमान आणि बोट. रेल्वेने आणि एस्टीने जाणाऱ्याला मध्ये सीमा लागते हे डोक्यात आलंच नाही. गडग्याबाहेर न्यायची नाही हे मुलाचं सांगणं मात्र आठवलं होतं. मला वाटलं, ते लोकांनी बघू नये म्हणून सांगितलंय, आणि वळकटीत कोण बघतो?

मुलगा मुंबईहून परत आला. बंदुकीचं त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, विषय निघाला नाही म्हणून.

मग फोन आला. मी घरासमोरच्या खळ्यात आमसुलं उलटत होते, हात रसाने लाल झालेले. माझा फोन ओटीवर होता. मुलाने उचलला. तो हिंदीत बोलत होता. मला एवढंच ऐकू आलं, "नहीं, नहीं, हम ऐसे किसी को नहीं जानते. गलत नंबर है."

"कोण रे?" मी विचारलं.

"कोण नाय. बँकवाले. हल्ली फसवणारे फोन येतात, तू उचलू नकोस."

त्याचं तोंड मला बरं दिसलं नाही. थोड्या वेळाने न्हाणीकडून वास येऊ लागला, रबर जळल्यासारखा. पाणी तापवायच्या चुलीत काहीतरी जळत होतं आणि मुलगा चुलीसमोर उकिडवा बसला होता. आयुष्यात कधी त्या चुलीत त्याने लाकूड सारलं नव्हतं.

"काय जाळतोस?"

"कचरा."

त्या पाण्याने मी अंघोळ केली नाही. अंगाला तो वास लागला असता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर परत फोन वाजला. नंबर वेगळा होता. यावेळी मी उचलला. गुरख्याची बायको होती. ती आधी नुसती रडली. मी ओरडले, "रडू नको, बोल." मग तिने सांगितलं. सीमेवर त्या दिवशी गाठोडी उघडत होते. साठांचा वास आला म्हणून शिपायाने विचारलं, हे काय. तिने कौतुकाने दाखवायला वळकटी सोडली. चळत उचलली आणि लुगड्यातून बंदुकीची नळी बाहेर आली. सगळे एकदम मागे सरले. नवऱ्याला जमिनीवर पालथा पाडला. खेळण्यातली आहे म्हणून तो सांगत होता, कोणी ऐकलं नाही. कुठून आणलीस? तो म्हणाला, मालकिणीने दिली, रत्नागिरीच्या. नंबर दिला. त्यांनी फोन लावला.

"आपके घर से बोला, नहीं जानते," ती म्हणाली. "अब वो लोग बोलते हैं, चोरी का है. आईजी, आपने ही दिया था ना?"

शेवटचं तिने विचारलं ते अशा आवाजात, की जणू तिलाच आता खात्री उरली नव्हती.

"मीच दिली," मी म्हटलं. "मैंने दिया."

फोन ठेवला. मुलगा ओटीवर बसला होता, त्याने सगळं ऐकलं होतं. सून दारात उभी होती.

"काल कोणाचा फोन होता?" मी विचारलं.

तो फोनकडे बघत राहिला.

"बँक तुला विचारते काय, हा गुरखा तुझा आहे काय म्हणून?"

"तू ती त्याला दिलीसच कशाला?" तो उसळला. "तुला सांगितलं होतं, गडग्याबाहेर न्यायची नाय. आणि तू थेट देशाबाहेर पाठवलीस!"

"तू देशाबाहेरून आणलीस, मी बाहेर पाठवली."

"आई, ही चेष्टा नाय. मी ती सांगून आणलेली नाय. उद्या विचारलं, कुठून आली, तर माझं नाव येणार. माझं सीडीसी अडकलं तर बोटीवर कोण घेणार मला?" सीडीसी म्हणजे बोटीवरच्या माणसाचं पुस्तक. ते नसेल तर बोट नाही. "महिन्याभरात मला बोट गाठायची आहे. मागच्या खोल्यांचं छप्पर दुरुस्तीला काढून ठेवलंय, मुलीची फी आहे, हे सगळं तुझ्या आमसुलांवर चालणार आहे काय?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"मग? तुला आमचं पोट महत्त्वाचं की त्या गुरख्याचं?"

"पोटाचं काय काढतोस? तो कोठडीत आहे."

"चौकशी करतील आणि सोडतील. दोन-चार दिवसांचा प्रश्न."

"मग तू जाऊन बस दोन-चार दिवस."

सून म्हणाली, "आई, तुम्हाला दुसरं काही सापडलं नाही द्यायला? एक साडी जास्त दिली असती."

"साडीने माकडं जात नाहीत."

ती आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

मला मुलाचं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. तो वाईट माणूस नाही. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस जे करतो ते त्याने केलं. पण त्याने सांगितलेला एक शब्द तिकडे एका माणसाला चोर करत होता. मी ती बंदूक माझ्या हाताने दिली होती. त्याने दोनदा विचारलं होतं. यात विचार करण्यासारखं मला काही दिसेना. अडचण होती ती मुलाची, आणि ती खरी अडचण होती.

फोन लावायला मला येतो. आदल्या दिवशीचा नंबर फोनमध्ये होताच. मी मुलाच्या समोर बसून तो लावला. चोरून लावला नाही.

"कौन?"

"रत्नागिरी से बोलती. तुम्हारे पास वो नेपाळी है ना, बंदूकवाला. बंदूक मेरी है."

"आपकी? माताजी, उमर क्या है आपकी?"

"सत्तर के ऊपर. बंदूक माकड हाकलने का है. विश्वास नहीं तो खुद के पाँव पे मार के देखो. लाल होगा, बाकी कुछ नहीं."

तो हसला असावा. मग आवाज परत कडक झाला. "कल तो आपके यहाँ से बोला गया कि जानते ही नहीं."

"वो मेरा लडका था. वो झूठ बोला."

मुलगा उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"ठीक है," अधिकारी म्हणाला. "जिसको बंदूक दी, उसका नाम बताइए."

"बहादूर."

"माताजी, यहाँ हर दूसरा आदमी बहादूर है. कागज़ पर जो नाम है वो बोलिए."

आठवायचा प्रश्नच नव्हता, कारण ते मला कधी माहीतच नव्हतं. मी मुलाकडे पाहिलं. त्याने पाठ फिरवलेलीच होती, पण मान हलली. त्यालाही ठाऊक नव्हतं.

"इतने साल काम किया आपके यहाँ," अधिकारी म्हणाला, "और नाम नहीं मालूम? फिर मैं कैसे मानूँ कि आप उसी की बात कर रही हैं?"

तो बरोबर बोलत होता. मी आमच्या म्हशींची नावं सांगू शकले असते. मेलेल्या म्हशींचीसुद्धा. सुटायची वेळ आली आणि आता माझ्या तोंडात नाव नाही म्हणून तो आतच राहणार, असं वाटलं. मग एकदम ते बोट आठवलं.

"उसका डावा हाथ देखो," मी म्हटलं. "बीच का बोट वाकडा है. टेढा. झाड से गिरा था. मैंने बांधा था, नीट बसला नहीं. उसको पूछो, किसने इलाज किया."

त्याने फोनवर हात ठेवला असावा. पुसट आवाज आले. कोणीतरी काहीतरी विचारलं, कोणीतरी उत्तर दिलं. मग दोघे-तिघे हसल्यासारखे झाले. तो परत आला.

"टेढ़ी है," तो म्हणाला. "बोलता है, आईजी का इलाज." मग लगेच, "अब ये बताइए, बंदूक पर विदेशी अक्षर हैं. ये यहाँ बाज़ार में नहीं मिलती. आपके पास कहाँ से आई?"

मुलाने आता तोंड वळवलं होतं. लहानपणी ताप आला की जसा बघायचा तसा बघत होता. मी खोटं बोलले असते तर काय सांगितलं असतं? दुकानातून घेतली? कुठल्या? मग त्यांनी माझं बाकीचंही खोटं धरलं असतं, बोटासकट.

"लडका लाया," मी म्हटलं. "बोट पे नोकरी को है. बाहर से लाया."

मुलगा खळ्यातून चालत गेला, फाटक उघडं टाकून.

गुरख्याला दुसऱ्या दिवशी सोडलं. बंदूक ठेवून घेतली. त्याच्या बायकोने सीमेपलीकडून फोन केला, "आईजी, छोड़ दिया," आणि परत रडली. यावेळी मी रडू दिलं. मग विचारलं, त्याचं नाव काय. ती जरा घोटाळली, आता कशाला असं तिला वाटलं असेल, पण तिने सांगितलं. मी दोनदा म्हणून घेतलं. ते इथे लिहीत नाही. त्याला विचारलेलं नाही. त्याला फोन दे म्हटलं तर ती म्हणाली, तो झोपलाय. खरं असेल.

आमच्याकडे काही दिवसांनी पोलीस आले. सभ्य होते, चहा घेतला. अशी आणखी बंदूक आहे काय, असं विचारलं. मुलाने सांगितलं, एक होती, जाळली. का जाळली? त्याला नीट सांगता येईना. समोर ठेवली असती तर त्यांनी हातात घेऊन पाहिली असती, खेळणं आहे हे कळलं असतं. जाळल्यामुळे ती खरी झाली. मी न्हाणीच्या चुलीतली राख उकरून आतली स्प्रिंग आणि एक लोखंडी तुकडा त्यांना आणून दिला. त्यांनी तो पिशवीत घालून नेला. त्यानंतर मुलाला रत्नागिरीला खेपा घालाव्या लागल्या. गुन्हा वगैरे शेवटी काही झाला नाही, पण ठरलेली बोट त्याच्याशिवाय निघून गेली. पाऊस संपेपर्यंत तो घरात बसून होता. छप्पर काढलेल्या खोल्यांवर ताडपत्री पडली. त्या सगळ्या काळात तो माझ्याशी गरजेपुरतं बोलला. जेवायला वाढू काय, तर हो. आणखी काय, तर नाही.

नंतर त्याला दुसरी बोट मिळाली, आधीच्यापेक्षा लहान कंपनीची. तिथून तो बायकोला फोन करतो आणि तिला विचारतो, आईच्या गोळ्या संपल्या काय. ती मला विचारते, मी तिला सांगते, ती त्याला सांगते. मी त्याच खोलीत बसलेली असते.

पुढच्या मोहोराला तो गुरखा आला नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, यंदा तो तिकडेच राहिला. घाबरला असेल. की आमच्या घरातून कोणी काय सांगितलं ते त्याला त्या चौकीत ऐकवलं गेलं, म्हणून? ऐकवलंच असणार. मी नंतर खरं सांगितलं हेही त्याला कळलं असेल, पण आधी जे ऐकलं ते पुसून जात नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

मुकादमाने नवीन जोडपं पाठवलं. दोघंही पोरसवदा, अंगावर अजून गाडीतली धूळ. फाटकातच मी त्याला विचारलं, "नाम क्या है तुम्हारा?"

त्याने बायकोकडे पाहिलं. वळकटी खाली ठेवली, घाईने खिसा चाचपला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"कार्ड आत ठेव," मी म्हटलं. "तोंडाने सांग."

त्याने सांगितलं. मला नीट कळलं नाही, मी परत विचारलं, त्याने परत सांगितलं. मी म्हणून पाहिलं, तेव्हा तो थोडा हसला. बायकोही हसली, तोंडावर पदर घेऊन.

तेवढ्यात सून ओटीवरून ओरडली, "बहादूर, आधी टाकीत पाणी सोड, मग काय ते सामान लाव."

"जी," म्हणत तो धावला.